विदेशी संगीतकार-नामोच्चार : मेडशी प्रवेशिका

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीच्या वरातीत कॅसिओ वाजतो, बेंजो वाजतो, नवरदेवाचे मित्र धूळ उडेपर्यंत नाचतात आणि वाद्याच्या नावावरून कोणाचंच काही अडत नाही. अडतं ते पुण्याला शिकून आलेला पुतण्या ओसरीवर बसून, "काका, मोझार्ट नाही हो म्हणत," असं सुरू करतो तेव्हा. अशा प्रसंगी घराण्याची अब्रू राहावी, एवढाच या प्रवेशिकेचा हेतू.

पहिली गोष्ट, इंग्रजी बाजूला ठेवा. जर्मन, इटालियन, स्पॅनिश नावं आपल्याकडे या अडत्यामार्फत आली आणि अडत्या आपली अडत कापतोच. मूळ मालाशी आपलं तोंड जास्त जुळतं. 'चहा' म्हणून बघा, मग 'चमचा' म्हणा. अक्षर एकच, च दोन. चमच्यातला पहिला च घेऊन 'मोचार्ट' म्हटलं की साल्झबुर्गचा माणूससुद्धा मान डोलावेल. 'स्केर्चो'लाही तोच च. 'चेलो'ला मात्र चहातला. इंग्रजाला ज्यासाठी टी आणि झेड जोडावे लागतात, ते आपण न्याहारीला वापरतो.

बेथोव्हेनमध्ये थ नाही. 'बेट' म्हणून किंचित थांबा, मग 'होफन'. शोपाँ पोलंडचा, पण वडील फ्रेंच, म्हणून शेवटचा न नाकात ठेवून द्यायचा. बाखचा ख घशाच्या तळातून खरवडून काढायचा असतो. त्याचा सराव मेडशीच्या स्टँडवर, अकोल्याची एसटी येईस्तोवर करावा. शेजारचा प्रवासी काळजीनं विचारील, "काहो भाऊ, गया बसला काय?" म्हणजे ख जमला.

या 'गया'वरून पुण्याचा पुतण्या हसेल. हसू द्या. गळ्याचा गया, डोळ्याचा डोया आणि पोळीची पोयी करणारी आपली वऱ्हाडी जीभ स्पॅनिश संगीतासाठीच घडलेली आहे. मानुएल दे फाया (१८७६–१९४६) हा स्पेनचा थोर संगीतकार. त्याच्या आडनावात दोन एल लागोपाठ येतात आणि अडत्याच्या नादी लागलेली शहरी माणसं त्याला 'फाला' करतात. मेडशीत कुणी ते 'फाळा' असं लिहून दिलं, तरी वाचताना आपोआप 'फाया' होईल. फक्त या भरात ब्राझीलच्या विला-लोबोसचा 'विया' करू नका. तो पोर्तुगीज बोलणारा, तिथे ल तसाच राहतो.

द्वोर्झाकच्या नावातला मधला वर्ण म्हणजे र आणि झ एकाच वेळी. झेक पोरांनाही तो उशिरा येतो. इथे आपल्या आज्यांची रीत पाळावी. त्यांनी जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही, पण कोणाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळायचं. "ते हो, १८९३ मध्ये न्यूयॉर्कात ज्यांची नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली ते!" एवढं म्हणून पदर सावरावा. फारच आग्रह झाला तर उखाणा.

आता वरातीकडे. कॅसिओ म्हणजे जपानच्या काशिओ कुटुंबाचं आडनाव. त्यामुळे कोणी 'क्याशिओ' म्हणाला तर त्याला हटकू नये, तो घराच्या जास्त जवळ आहे. बेंजोचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, १९१२ चा. परंतु जपानी पाहुण्याला "या, आमचा बेंजो ऐका," असं सांगू नका. त्यांच्या भाषेत बेंजो म्हणजे संडास.

सगळ्यात जास्त अन्याय झाला तो वाल्टर काउफमान यांच्यावर. कार्ल्सबादला जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला आणि आकाशवाणीची सुरुवातीची धून त्यानं बांधली. ट्रान्झिस्टर होता त्या प्रत्येक घरात पहाटे ती वाजली. नाव मात्र चुकीचं घ्यायलाही कोणाला ठाऊक नव्हतं. पुतण्याला आधी हे विचारावं. तो सहसा गप्प होतो.

तरीही तो ऐकेना, तर जुनं इंग्रजी गॅझेटिअर उघडून दाखवा. साहेबानं वऱ्हाडावर राज्य केलं, सारा वसूल केला, हद्दी आखल्या आणि वाशिमला छापील कागदावर 'बासिम' लिहिलं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला, तोही बासिम म्हणूनच.