ताऱ्यांचे आप्तेष्ट

चित्रपटरसिक म्हणजे शेजारच्या जोशींना तीस वर्षे ‘अहो जोशी’ म्हणणारा आणि अमिताभ बच्चन यांना कधीही न भेटता ‘अमिताभ’ म्हणणारा मनुष्य. तो महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांत आढळतो. गिरगाव, दादर, कोल्हापूर आणि पुण्याचा डेक्कन परिसर येथे त्याची वस्ती दाट आहे. एकेरी उल्लेख हे त्याचे पहिले लक्षण. दिलीप, देव, राज, राजेश, शाहरुख ही मंडळी त्याच्या बोलण्यात हाताखाली वाढलेल्या पुतण्यांसारखी येतात. अशोककुमार तेवढे ‘दादामुनी’. पण त्यांच्याविषयीही ‘शेवटी शेवटी फार थकले होते’ असे तो घरच्या माणसाच्या काळजीने सांगतो. यांपैकी कोणाची प्रत्यक्ष गाठ पडलीच, तर त्याच्या तोंडून ‘सर’ एवढाच शब्द निघतो आणि पुढचे वाक्य घरी पोहोचल्यावर सुचते.

रसिक आणि तारा यांचे नाते एकतर्फी असले, तरी नात्याला लागणारे सर्व काही त्यात असते. अभिमान असतो, रुसवा असतो, लग्नाला न बोलावल्याची खंत असते, पैशाचा हिशेबही असतो. या सगळ्यात चित्रपट ही एक किरकोळ बाब आहे. चित्रपट न पाहताही रसिक राहता येते, आणि अलीकडे बहुतेक जण तसेच राहतात.

या नात्याचा आरंभ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात झाला, असे मानता येते. त्या दिवशी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवण्यात आला. पडद्यावर यायला स्त्रिया तयार नसल्यामुळे राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. याच साळुंके यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय पडद्यावरील ही एकमेव अशी जोडी म्हणावी लागेल, की जिच्यातील नायक-नायिकेचे बिनसल्याची बातमी कोणालाही पसरवता आली नाही.

नट आणि त्याची भूमिका यांत फरक न करणे, ही रसिकाची फार जुनी सवय आहे. १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. चित्रपट लागला आणि लोक त्यांच्या पाया पडू लागले. याच न्यायाने निळू फुले यांच्या वाट्याला शिव्या आल्या. राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक कामासाठी पदरमोड करणारा हा माणूस गावोगावच्या बायकांच्या लेखी लेकीबाळींवर नजर ठेवणारा पाटीलच राहिला. ललिता पवार यांना सून म्हणून कोणाची मुलगी मागायची वेळ आली असती, तर स्थळ परत गेले असते, याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत.

या प्रवृत्तीच्या अभ्यासासाठी १९७५ हे साल सोयीचे आहे. त्या वर्षी ‘जय संतोषी माँ’ आणि ‘शोले’ हे दोन चित्रपट आले. पहिल्यासाठी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात आणि देवी प्रकटली की पडद्यावर फुले-नाणी उधळत. दुसऱ्यातील संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेला लाजवील अशी खपली. गाव लुटणाऱ्या, हात तोडणाऱ्या दरोडेखोराची वाक्ये लोकांनी लग्नाच्या मांडवातून, गणेशोत्सवाच्या कर्ण्यावरून, मुलांच्या स्नेहसंमेलनातून म्हटली. पुढे तोच दरोडेखोर ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आला आणि आयांनी ती बिस्किटे मुलांना खाऊ घातली. देवीला सुटे पैसे आणि गब्बरला घरखर्चातला वाटा, अशी ही विभागणी होती. तिच्यावर धर्ममार्तंडांनी आक्षेप घेतल्याचे आढळत नाही.

रसिकतेचा आर्थिक पाया तिकिटाच्या काळ्या बाजारावर उभा राहिला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि आण्यांचे तिकीट बाहेर रुपयांत गेले. तेव्हापासून पुढची साठ-सत्तर वर्षे चित्रपटगृहाबाहेर ओठ न हलवता भाव पुटपुटणारा इसम हा देशातील सर्वांत विश्वासार्ह समीक्षक होता. वर्तमानपत्रातील परीक्षण रविवारी यायचे. त्याचे मत शुक्रवारी दुपारीच कळत असे आणि ते त्याने स्वतःचे भांडवल गुंतवून दिलेले असे. मल्टिप्लेक्स आल्यावर हा वर्ग नाहीसा झाला. त्याचे काम आता खाद्यपदार्थांच्या काउंटरवर गणवेशातील तरुण करतात, आणि पावतीही देतात. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रत आज अस्तित्वात नाही. ती पाहायला झालेल्या गर्दीची हकीकत टिकली, चित्रपट गेला. रसिकांच्या दृष्टीने मुख्य भाग जतन झाला आहे.

आप्तभावाचा सर्वांत चिवट प्रकार म्हणजे गाववाला असल्याचा दावा. राजेश खन्ना आणि जितेंद्र दोघेही गिरगावात वाढले. परिणामी साठी ओलांडलेल्या प्रत्येक गिरगावकराने जितेंद्रबरोबर गणपतीत रात्री जागवल्या आहेत आणि राजेश खन्नाला निदान एकदा चहा पाजला आहे. या चहाचे पैसे आल्याचे कोणीही सांगत नाही; पण तो विषय निघाला की सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येते, ते व्याजासकट वसुली झाल्यावरही येत नाही. शाळेचा बाक, चाळीचा जिना, क्रिकेटची बॅट असे अन्य पुरावेही सादर होतात. त्यांची उलटतपासणी करण्याची पद्धत नाही.

रजनीकांत यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळूरच्या मराठी कुटुंबातला, चित्रपटांआधीची नोकरी तिथल्याच बसवर कंडक्टरची. त्यांच्या भव्य कटआउटवर चेन्नईत दुधाचा अभिषेक होतो, तेव्हा मराठी रसिक दोन गोष्टी एकाच दमात म्हणतो: ‘काय हे खूळ!’ आणि ‘मूळचा आपलाच हो तो.’ पहिल्या वाक्यात तो तमिळ माणसाला हसतो, दुसऱ्यात दुधातला आपला वाटा मागतो. रजनीकांत यांचा चित्रपट तो हिंदीत डब झाल्यावर, तोही जेवताना, टीव्हीवर पाहतो.

माधुरी दीक्षित या संदर्भात वेगळ्या नोंदीस पात्र आहे. १९९९ मध्ये तिने अमेरिकेतील डॉ. नेने यांच्याशी लग्न केले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य पुरुषांची, त्यांत बऱ्याच विवाहितांचीही, मानहानी झाली. जावई मराठी निघाल्यामुळे ती सुसह्य ठरली. पहिल्या मराठी चित्रपटासाठी या रसिकांना २०१८ च्या ‘बकेट लिस्ट’पर्यंत थांबावे लागले. ‘आपली माधुरी मराठीत कधी येणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कितीजण ती आल्यावर तिकीट काढून गेले, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे आहे.

नात्यात जाणे-येणे आले. मुंबईत त्यासाठी दोन मुख्य स्थाने आहेत: अमिताभ यांचा जुहूचा जलसा आणि शाहरुखचा वांद्र्याचा मन्नत. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना गंभीर दुखापत झाली. ते ब्रीच कँडी रुग्णालयात असताना देशभर नवस बोलले गेले, होमहवन झाले, लोक अनवाणी देवळांत गेले. त्यानंतर रविवारी बंगल्याच्या फाटकाशी येऊन चाहत्यांना हात करण्याचा त्यांचा परिपाठ सुरू झाला. या विधीत काळानुरूप एकच बदल झाला. पूर्वी भक्त तोंड करून उभा राहत असे. आता तारा फाटकाशी येताच संपूर्ण जमाव त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि मोबाइल वर धरतो. कोणत्याही धर्मात देवाकडे पाठ करून दर्शन घेण्याची सोय यापूर्वी नव्हती.

घरातील बातम्या बाहेरून कळाव्यात, हीदेखील नात्यातली जुनी रीत. इंग्रजीत ‘स्टारडस्ट’ हे मासिक १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकाने राजेश खन्ना यांनी गुपचूप लग्न केले आहे काय, असा सवाल मुखपृष्ठावर केला. मराठीत ‘रसरंग’, ‘चंदेरी’ यांनी हे काम तुलनेने सोवळेपणाने केले. दिवाळी अंकांनी त्यात तोडगा काढला: बाहेर नऊवारीतली नटी, आत वैचारिक परिसंवाद. अंक कशामुळे विकला गेला, हे संपादक आणि वाचक दोघांनाही माहीत असे, आणि दोघेही परिसंवादाचे कौतुक करत.

त्या काळी बातमीसाठी निदान अफवा लागत असे. आता तीही अट राहिलेली नाही. नट विमानतळावर आला, ही सकाळची बातमी. नट विमानतळावरून गेला, ही संध्याकाळची. अधेमधे तो व्यायामशाळेबाहेर घामेजलेला दिसतो. कपडे कोणते, पिशवी कितीची, गॉगल कोणत्या कंपनीचा, हे तपशील इतक्या काटेकोरपणे नोंदवले जातात की भविष्यातील इतिहासकारांना ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा या विमानतळाविषयी खात्रीने बोलता येईल. नवजात बालकेही या सेवेतून सुटत नाहीत. २०१८ मध्ये केरळमधील दुकानांत एका नटदांपत्याच्या दोन वर्षांच्याही न झालेल्या मुलाच्या चेहऱ्याची बाहुली विक्रीला आली. त्या मुलाने तोवर एकाही चित्रपटात काम केले नव्हते. लोकप्रियतेच्या आड चित्रपट कसा येतो, याचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकात घेण्यासारखे आहे.

पुरस्कारांचे समारंभ म्हणजे या कुळाचे लग्नकार्य. १९५४ मध्ये पहिले फिल्मफेअर पुरस्कार मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात दिले गेले, तेव्हा ते फक्त पाच होते आणि एका दिवंगत समीक्षिकेच्या स्मरणार्थ त्यांना ‘क्लेअर्स’ म्हणत. समीक्षकाच्या नावाने पुरस्कार देण्याची कल्पना लवकरच मागे पडली. आजच्या समारंभात पुरस्कारांची संख्या निमंत्रितांच्या संख्येशी जुळवून घेते, म्हणजे कोणी हात हलवत परत जात नाही. केंद्र सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. त्याच्याशी नाव जुळेल अशा बेताने इतरांनीही फाळके यांच्या नावाचे सोहळे सुरू केले. ज्या माणसाची अखेरची वर्षे नाशिकमध्ये विपन्नावस्थेत गेली, त्याच्या नावावर आता तारांकित हॉटेलांत जेवणावळी उठतात.

मराठी चित्रपट हा या रसिकाच्या घरातला सख्खा नातेवाईक, त्यामुळे त्याच्याकडे जाणे लांबणीवर पडते. १९५४ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पुढचा तसा पुरस्कार ‘श्वास’ला मिळायला २००४ उजाडले. मधल्या पन्नास वर्षांत मराठी रसिक पहिल्या पुरस्काराबद्दल बोलत होता. ‘श्वास’ ऑस्करला निघाला, तेव्हा त्याच्या प्रचारासाठी लोकवर्गणी जमली. नातवाचे डोळे आणि आजोबांची घालमेल एवढ्याच भांडवलावर उभ्या राहिलेल्या त्या चित्रपटाला अमेरिकेतील मतदारांपर्यंत पोहोचवायला पैसे लागतात, हे तोवर इथे कोणालाही ठाऊक नव्हते. ऑस्कर मिळाले नाही, पण वर्गणी दिलेल्यांना तो चित्रपट कायमचा आपला झाला, आणि या लेखातील ही एकच गुंतवणूक अशी आहे की जिची टिंगल करणे कठीण जाते.

दादा कोंडके यांची वाट निराळी होती. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ला दादरचे कोहिनूर मिळेना, कारण तिथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. पांढरपेशा मराठी रसिकांत आजही दादांचा चित्रपट थिएटरात जाऊन पाहिलेला माणूस सापडत नाही. सापडलाच, तर तो ‘मित्राने नेलं होतं’ असे सांगतो. तो मित्र कोण, याचा शोध अद्याप लागलेला नाही.

चित्रपटगृहाचा प्रश्न २०१५ मध्ये पुन्हा आला. मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावणे बंधनकारक करण्याची घोषणा राज्य सरकारने केली. त्यावर शोभा डे यांनी ट्विटरवर खिल्ली उडवली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध विधिमंडळात हक्कभंगाची सूचना आली आणि शिवसैनिक वडापाव घेऊन त्यांच्या घरापाशी पोहोचले. ‘स्टारडस्ट’च्या पहिल्या संपादक त्याच, चाळीसेक वर्षे दुसऱ्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या गर्दीचे वर्णन केल्यावर त्यांना ती आपल्या दारात मिळाली, ती नाश्त्यासह. यथावकाश प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी विस्तारली आणि सर्वांचे समाधान झाले. भर दुपारी बाराच्या खेळाला लागलेला मराठी चित्रपट आता अधिकृतपणे मोक्याच्या वेळेला लागलेला असतो.

रसिकाचा या धोरणाला पाठिंबा आहे. मराठी चित्रपट थिएटरातच पाहिला पाहिजे, हे तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निक्षून सांगतो, पोस्टर पुढे पाठवतो, दिग्दर्शकाचा एकेरी उल्लेख करून त्याचे अभिनंदन करतो. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि पुढच्या गुरुवारी उतरतो. रसिकाने तिकिटे काढायचे ठरवलेले असते ते त्यानंतरच्या शनिवारी, सहकुटुंब.