उतरताच हल्ला करू नये

इसवी सनाचं एक्केचाळिसावं सहस्रक. माणूस साऱ्या आकाशगंगेत पसरलेला आहे. त्याचा सम्राट दहा हजार वर्षं सोन्याच्या सिंहासनावर निपचित पडून आहे आणि त्याचा जीव टिकावा म्हणून रोज हजार माणसांचा बळी द्यावा लागतो. अशा या युगात एक चिलखती गाडी शत्रूच्या दारात येऊन थांबते. मागची फळी धाडकन खाली पडते. आतून दहा महाकाय सैनिक बाहेर येतात. हातात करवतीचे दात लावलेल्या तलवारी, मुखी सम्राटाचं नाव, शत्रू चार पावलांवर. आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. कारण गाडी आत्ताच हलली होती, आणि हललेल्या गाडीतून उतरलेल्या माणसानं त्याच टर्नमध्ये हल्ला करायचा नाही, असा नियम आहे.

या खेळाचं नाव ‘वॉरहॅमर ४०,०००’. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं तो १९८७ साली काढला. प्लॅस्टिकचे सुटे हातपाय विकत घ्यायचे, चिकटवायचे, बारीक कुंचल्यानं रंगवायचे आणि टेबलावर मांडून मेजर टेप व फाशांच्या साहाय्यानं एकमेकांचा संहार करायचा. सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढा. कंपनी मात्र डिसेंबर २०२४मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. बोटभर सैनिक विकून एवढी उंची कशी गाठता येते, असा प्रश्न पडला असेल तर सैनिक सोडा, त्यांची गाडी पाहा.

आपल्याकडे चतुरंगात रथ होता. त्यात बसलेल्यानं खाली उतरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून नियम एका ओळीत संपायचा. खाली उतरल्यावर काय होतं ते कुरुक्षेत्रावर दिसलं. चाक रुतलं, कर्ण खाली उतरला आणि त्यानं अर्जुनाला नियमावलीतलं नेमकं पान काढून दाखवलं: पायउतार झालेल्यावर बाण टाकू नये. कृष्णानं त्याला आधीच्या डावांत त्यानं स्वतः किती नियम पाळले त्याची यादी ऐकवली आणि निकाल बाणानं लागला. तो वाद दोन्ही बाजूंनी आजही चालू आहे. नॉटिंगहॅमकरांनी यातून योग्य तो बोध घेतला. उतरण्याच्या नियमावर माणसं इतकी भांडत असतील, तर तो नियम दर तीन-चार वर्षांनी बदलायला हवा.

गाडीचं नाव राइनो. १९८८पासून बाजारात आहे. सुरुवातीला एका खोक्यात तीन मिळत. काळ साधा होता. कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डब्यापासून तरंगता रणगाडा कसा करावा, हे सचित्र शिकवलं जाई. आज कुणी तसा रणगाडा घेऊन कंपनीच्या स्पर्धेला गेला, तर त्याला डब्यासकट बाहेर काढतील.

१९९८ साली खेळाच्या नियमांची तिसरी आवृत्ती आली आणि राइनोचं सोनं झालं. गाडी बारा इंच पळे, माणसं टपाटप खाली उतरत आणि त्याच टर्नमध्ये शत्रूच्या उरावर बसत. समोरच्याला बंदूक उचलायलाही सवड नसे. या प्रकाराला ‘राइनो रश’ हे नाव पडलं आणि ज्याच्या त्याच्या कपाटात राइनोंची रांग लागली. रांग लागल्यावर, २००४च्या आवृत्तीत नियम आला: हललेल्या बंद गाडीतून उतरून हल्ला नाही. राइनो कपाटातच राहिल्या.

२००८मध्ये पुन्हा दिवस फिरले. गाडी फोडणं जिकिरीचं झालं आणि सैन्य ज्या ठरावीक पॉइंटांत बसवायचं असतं, त्यांतली राइनोची किंमत पन्नासांवरून पस्तिसांवर आली. मग रणांगण दिसेनासंच झालं. टेबलाच्या या कडेला पंधरा गाड्या, त्या कडेला चौदा. खेळाडूच त्याला ‘पार्किंग लॉट’ म्हणत. मानवजातीचं भवितव्य ठरवणारी लढाई म्हणजे कोण कुणाची गाडी अडवून उभा आहे, एवढाच प्रश्न. २०१२मध्ये गाड्यांना ‘हल पॉइंट’ लावले गेले, राइनोला तीन. नुसते ओरखडे जरी तीनदा उठले तरी गाडी भंगारात. पार्किंग एका रात्रीत मोकळं.

आणि मग २०१५. सम्राटाच्या त्या महाकाय सैनिकांच्या, म्हणजे स्पेस मरीनांच्या, त्या वर्षीच्या नियमपुस्तकानं जाहीर केलं, की सैन्य अमुक एका रचनेत पुरतं उभं केलंत तर त्याच्या वाहतुकीच्या गाड्या फुकट. फुकट म्हणजे पॉइंटांच्या हिशेबात फुकट. दुकानदाराला त्यांचे पैसे वेगळे मोजून द्यावेच लागत. ‘फुकट’ मिळालेल्या गाड्यांसाठी माणसं इतके पैसे मोजतात हे पाहून आपल्याकडच्या निवडणूक प्रचारकांनीही दोन शिकवण्या लावाव्यात.

आता गाडीच्या आत डोकावू. राइनोत दहा सैनिक मावतात असं पुस्तक वर्षानुवर्षं सांगत आलं. प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या त्या पोटात दहा सैनिक त्यांच्या गोल पाटांसकट बसवून दाखवा. जमायचं नाही. म्हणून गाडीत ‘चढलेले’ सैनिक उचलून टेबलाबाहेर ठेवतात. सम्राटाचे रौद्र देवदूत चहाच्या कपाशेजारी, बिस्किटांच्या चुऱ्यात बसून प्रवास करतात. २०२३च्या दहाव्या आवृत्तीत तर त्याच राइनोची क्षमता दहावरून बारा झाली. गाडी सुतभरही वाढली नाही. कारण असं, की नव्या नियमांत नायक तुकडीला जोडला जातो. दहा शिपाई बसले की साहेबांना जागा कुठून आणायची? मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथी सीट निघते, तशी काढली. लोकलमध्ये निदान चौथ्याला अर्धं बूड बाहेर ठेवावं लागतं. इथे साहेब ऐसपैस.

याहून मोठा चमत्कार प्रायमॅरिस मंडळींचा. २०१७मध्ये कंपनीनं जुन्या मरीनपेक्षा उंच, देखणे आणि अर्थातच नवे मरीन काढले. ते राइनोत मावत नाहीत, असं नियमानं ठरवलं. मावतील अशी रिपल्सर नावाची नवी, भलीमोठी गाडी त्याच सुमारास दुकानात आली, हा योगायोग. लोकांनी ती घेतली. सहा वर्षांनी, २०२३च्या नियमांत, तेच प्रायमॅरिस राइनोत मावू लागले. दरम्यान ते आटले नव्हते आणि राइनो फुगली नव्हती. वजनकाटाही नाही, मोजपट्टीही नाही, फक्त एक ओळ बदलली. बांधकामाचे नियम बदलून मजले नियमित करणाऱ्या आपल्या महापालिकांना यात नवल वाटणार नाही.

आता तो मूळ नियम नीट समजून घ्या. आठव्या आणि नवव्या आवृत्तीत उतरायचं ते गाडी हलण्याआधीच. दहावीनं उदार होऊन गाडी साधी चाल चालल्यावरही उतरायला परवानगी दिली. पण मग पुढे एक पाऊल टाकायचं नाही आणि चार्ज, म्हणजे धावून जाऊन हल्ला, करायचा नाही. बंदूक झाडलेली चालेल. उलट गाडी हलण्याआधी उतरलात, तर चाला, झाडा, धावून जा, सगळं खुलं. म्हणजे हल्ला करायचा असेल तर शहाण्यानं काय करावं? पहिल्या टर्नला गाडी शत्रूच्या पुढ्यात नेऊन उभी करावी आणि आत गप्प बसावं. शत्रूला त्याच्या सगळ्या तोफा निवांत डागू द्याव्यात. त्यातून गाडी वाचली, तर आपल्या टर्नला शिस्तीत उतरून लढाईला सुरुवात करावी.

वाचली नाही, तर प्रत्येक प्रवाशामागे एक फासा टाका. एक पडला की जखम, आणि वाचलेली तुकडी भेदरलेली. शत्रूनं गाडीला चहूबाजूंनी वेढा घातला असेल आणि तीन इंचांत पाय ठेवायला जागा नसेल, तर सहा इंचांपर्यंत उडी मारता येते. मग मात्र एक, दोन, तीन यांतलं काहीही पडलं तरी जखम. पूर्वी अशा वेढ्यात अडकलेली माणसं सरळ मरत. त्या मानानं ही सुधारणा म्हणायची. दहा जणांत सरासरी पाच जखमा, एवढाच तिकिटाचा दर.

ज्यांना चालत्या गाडीतून उतरून लगेच हाणामारी हवी असेल, त्यांच्यासाठी लँड रेडर आहे. तिच्या पुढच्या फळीला तसा खास परवाना आहे. राइनोतून आणि लँड रेडरमधून उतरणारे शिपाई तेच, त्यांचे पायही तेच. फरक फळीच्या किमतीत आहे. आणि इम्पल्सर नावाच्या गाडीचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत. तिच्या खास गुणाचं नावच ‘असॉल्ट व्हेइकल’, म्हणजे हल्ल्याची गाडी. खालची ओळ सांगते, की ही गाडी भरधाव गेल्यावरही तुम्हाला उतरता येईल, मात्र त्या टर्नमध्ये चार्ज करता येणार नाही. सरकारी योजनांची नावं ठेवणारा कुणी अधिकारी निवृत्तीनंतर नॉटिंगहॅमला नोकरीला लागला असावा, अशी मला दाट शंका आहे.

या खेळात प्रामाणिक वाहतूक खातं एकच, ऑर्क नावाच्या हिरव्या रानटी जमातीचं. लाल गाडी जास्त पळते असा त्यांचा ठाम विश्वास आहे, आणि तो सगळ्यांचा मिळून इतका जबर आहे, की ती खरंच जास्त पळते. जुन्या नियमांत लाल रंगाबद्दल एक इंच जादाही मिळायचा. खर्च रंगाच्या एका डबीचा. नवी गाडी घ्यावी लागत नाही, म्हणूनच बहुधा हे धोरण बाकीच्या जमातींना लागू झालं नाही.

बिचाऱ्या खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. नवा नियम आला की ते आठवडाभर तावातावानं निषेध करतात, दुसऱ्या आठवड्यात त्याच नियमातली पळवाट शोधतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्या पळवाटेला लागणारं खोकं घेऊन घरी येतात. पुढे कंपनी काही महिन्यांनी पॉइंटांचे नवे दर काढते आणि ती पळवाट महाग होते. खोकं परत घेत नाहीत.

तेव्हा पुण्या-मुंबईत किंवा परदेशात ज्या मराठी घरांतल्या कपाटांत राइनो धूळ खात असतील, त्यांना कळकळीची विनंती. नव्या आवृत्तीत तुमची गाडी निकामी झाली असं वाचलंत, तर ती विकू नका. रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. शक्य असेल तर मागचं दारही चिकटवू नका. पस्तीस वर्षांहून जास्त काळात ही गाडी किती वेळा बाद झाली आणि किती वेळा परत आली, ते वर दिलंच आहे. आणि घाईघाईनं नवी घेऊ नका. तिच्यातून उतरायचा नियम अजून छापायचा आहे.