जोडवी आधी, आधार मग

तुळजापुरात लॉजच्या काउंटरमागं एक आबा असतातच. पाटी कुठलीही असो, आबा तेच: कपाळावर मळवट, पुढ्यात लांबलचक रजिस्टर आणि नजर थेट बाईच्या पायांवर. नवख्याला ती नम्रता वाटते. आबा जोडवी बघत असतात. आधार कार्डही मागतात, पण त्यावर लग्नाचा रकाना नाही म्हणून सरकारवर त्यांचा जुना राग आहे.

लग्नसराईत आबा खुलतात. हळद न उतरलेली नवी जोडपी कुलदेवीच्या पाया पडायला येतात; सोबत मामा, करवल्या, रडकी पोरं. एका खोलीत अख्खं वऱ्हाड कोंबलं तरी हरकत नाही, ती ‘फॅमिली’ असते. एकट्या बाप्याला मात्र खोली नाही. सडा माणूस आत काय करंल, नेम न्हाई! आणि दोघांनीच खोली मागितली, की चौकशी बसते.

“पुण्याहून आलाव? कार्य कवा झालं?”

“झालं नाही, काका. एकत्र राहतो.”

पेन थांबतं. “मग नातं काय लिहू? बहीण?”

पोरगी कायदा काढते: लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्यानं हॉटेलात राहू नये असा कायदाच नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं 2019 साली सांगितलंय. आबा शांतपणे ऐकून घेतात. “ताई, ते मद्रासचं. हितं भवानीचं राज्य हाय.”

आता भवानीची कथा अशी, की कर्दम ऋषींच्या माघारी तपाला बसलेल्या अनुभूतीला कुकुर दैत्यानं छळलं, तेव्हा देवी धावली. म्हणजे आली ती नवऱ्याविना राहणाऱ्या बाईसाठी. यात्रेकरूंना ही कथा आबाच सांगतात, अगदी हातवारे करून.

त्यांचं स्वतःचं लग्न रीतसर, पत्रिका जुळवून झालेलं. काकू कैक वर्षं सोलापुरात लेकाकडं. आबा काउंटरमागं स्टोव्हवर पिठलं ढवळतात. कोजागरीला काकू सोलापूरकरांबरोबर रात्रभर चालत येतात, दर्शन घेतात, आबांच्या हाती शेंगाचटणीची बरणी देतात आणि एसटीनं परततात. “आमचा संसार एकदम चोख,” आबा म्हणतात. त्यात खोटं काही नाही. भांडायला माणूस समोर लागतं.

अखेर तडजोड होते. रजिस्टरात दोन नावं, दोन खोल्या; नीती शाबूत, भाडं दुप्पट. चाव्या सरकवताना आबा मान वर करत नाहीत.

“तीन आन् चार. मधलं दार आतून उघडतंय, बगा.”