उद्या अकरा वाजता भूकंप होईल

‘प्रिय पालक, उद्या सकाळी ठीक 11 वाजता शाळेत भूकंप होणार आहे. कृपया घाबरू नये. डबा नेहमीप्रमाणे द्यावा.’

आमच्या भागातल्या एका शाळेच्या पालक-गटावर परवा हा निरोप आला आणि गट खडबडून जागा झाला. गणवेश पीटीचा की रोजचा, हा पहिला प्रश्न. सोन्या कालच तापातून उठलाय, त्याला भूकंपातून सूट मिळेल का, हा दुसरा. भूकंपाचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरणार का, हे एका जागरूक मातोश्रींनी विचारलं. एका वडिलांनी साडेअकराच्या क्लासची अडचण सांगून भूकंप अर्धा तास अलीकडे घेता येईल का, अशी नम्र विनंती केली. भूकंप झाल्यावर मुलांनी जायचं कुठे, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूकंप पाऊण तास उशिरा झाला, कारण प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकले होते. ते आल्यावर स्वागतगीत झालं, नारळ-शाल झाली. मग आपत्ती व्यवस्थापन सप्ताहाचं उद्घाटन दीपप्रज्वलनाने झालं. समई मंचाच्या पडद्याला अगदी खेटून ठेवली होती. आपत्तीच्या कार्यक्रमात यजमानांनी आगीचीही सोय करून ठेवली, यापेक्षा अधिक तयारी ती काय असते?

अखेर घंटा वाजली. शाळेत घंटा एकच. मधल्या सुट्टीला तीच, भूकंपालाही तीच. पहिल्या मजल्यावरच्या मुलांनी ती ऐकताच डबे उघडले. खालच्या वर्गातली मुलं ठरल्याप्रमाणे बाकाखाली शिरली. म्हणजे शिरायला गेली, कारण तिथे दप्तरं आधीच शिरलेली होती. डोकं आत आणि उरलेला विद्यार्थी बाहेर, अशा अवस्थेत चौथीतल्या एका गुणी मुलाने बाकाखालूनच करंगळी वर केली आणि विचारलं, ‘बाई, जाऊ का?’ बाई म्हणाल्या, ‘फोटो झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.’

मग मुलं रांगेत, हजेरीच्या क्रमांकाने, पुढच्या जिन्याने खाली उतरली. मागचा जिनाही आहे. पण त्याला जाळीचं दार, दाराला कुलूप आणि आत मोडके बाक, गेल्या वर्षीचं मखर आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मागचं गेटही बंद असतं, कारण तिथून मुलं वडापाव खायला पळतात. त्याची किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा गावच्या जत्रेला. ‘सर्व विद्यार्थी 4 मिनिटांत सुरक्षित बाहेर पडले’ असा अहवाल मात्र वेळेत गेला. वेळेत म्हणजे आदल्या दिवशी. भूकंप व्हायच्या आत अहवाल तयार असणं, हे जपानलाही जमलेलं नाही.

शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडाही पाहण्यासारखा आहे. पारदर्शक फोल्डर, रंगीत मुखपृष्ठ, आत संस्थापकांचा फोटो. दहाव्या पानावर ‘त्सुनामीचा इशारा मिळाल्यास’ असं प्रकरण आहे. शाळा घाटावर, समुद्र घाटाखाली. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी शाळेचा आराखडा उतरवून घेताना समुद्रही सोबत आला, एवढंच. ‘विद्यार्थ्यांनी नजीकच्या मोकळ्या मैदानात जमावे’ असंही त्यात लिहिलंय. मैदानावर दोन वर्षांपूर्वी संस्थेची नवी इमारत उभी राहिली. ‘एकत्र जमण्याची जागा’ असा हिरवा फलक आता वाहनतळावर लावलाय आणि त्याखाली मुख्याध्यापकांची गाडी रोज शिस्तीत एकटीच जमते.

इथे हसू थांबवावं लागतं, कारण अशाच एका वाक्याची किंमत जपानमध्ये मोजली गेली आहे. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर ओकावा प्राथमिक शाळेतली मुलं सुमारे 50 मिनिटं पटांगणातच थांबली होती. शाळेच्या पाठीमागेच डोंगर होता. पण शाळेच्या आराखड्यात त्सुनामी आल्यास जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावं, एवढंच मोघम लिहिलेलं होतं. कुठली जागा, कुठली बाग, ते कोणी ठरवलं नव्हतं. मोठी माणसं कुठे जायचं याचा खल करत राहिली आणि पाणी आलं. 74 मुलं आणि 10 शिक्षक-कर्मचारी गेले. आईवडील न्यायालयात गेले. त्या दिवशी पटांगणात काय चुकलं यापेक्षा त्याआधी फायलीत काय चुकलं, यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने शाळा आणि प्रशासनाला जबाबदार धरलं. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. घाईत उतरवलेला आराखडाही गुन्हेगार ठरू शकतो, हे आपल्या शिक्षण खात्यातल्या गठ्ठ्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आपल्याकडे धडे कमी नाहीत. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत छपराला आग लागून 94 मुलं गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार परवानाधारक एजन्सीचा ‘बी फॉर्म’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. फॉर्म जातो. लाल सिलिंडर मात्र भिंतीवर इतका उंच टांगलेला असतो की आग विझवायला आधी शिडी शोधावी लागते. शेजारच्या लाल बादल्यांत नियमानुसार वाळू आहे. पण वरचा थर चॉकलेटच्या कागदांचा आणि पानाच्या पिंकेचा. सिलिंडरची पिन कशी काढायची, हे शाळेत कोणालाच येत नाही. एका शिक्षकांना येतं म्हणतात, पण ते सध्या निवडणुकीच्या कामावर आहेत.

आता शाळेला नावं ठेवून पालकांनी सुटू नये. घर ही आपत्ती व्यवस्थापनाची आणखी मोठी प्रयोगशाळा आहे. आपण दहावीच्या परीक्षेची तयारी आठवीपासून करतो आणि लग्नाचं कार्यालय वर्षभर आधी धरतो. तयारीत आपला हात कोणी धरणार नाही. फक्त संकटाची तयारी करायची म्हटली, की आजी म्हणते, ‘शुभ बोल नाऱ्या!’

घरात टॉर्च असतो. त्यातले सेल भिंतीवरच्या घड्याळात असतात. महत्त्वाची कागदपत्रं माळ्यावरच्या पेटीत, पेटीवर गणपतीचं सामान, त्यावर गाद्या. खिडक्यांना चोराच्या भीतीने भक्कम ग्रील बसवलेलं असतं. बाहेरचा आत येऊ शकत नाही आणि आग लागली तर आतला बाहेर जाऊ शकत नाही. सोसायटीच्या जिन्यात चपलांची कपाटं, सायकली आणि तुळशीची कुंडी. गच्चीला कुलूप, कारण मागे कोणीतरी तिथे वाढदिवस साजरा केला होता. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी मुलीकडे अमेरिकेत.

2023 मध्ये सरकारने फोनवर धोक्याच्या सूचनेची चाचणी घेतली. लाखो फोन एकाच वेळी किंचाळले. आपण काय केलं? त्याचा स्क्रीनशॉट काढून पाच गटांवर टाकला आणि विचारलं, ‘तुम्हालाही आला का?’ खरा इशारा येईल तेव्हाही आपलं पहिलं पाऊल हेच असणार, याबद्दल निदान माझ्या मनात शंका नाही.

अनुभवी माणसांची तऱ्हा आणखी न्यारी. कोल्हापूरकराला पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, हे झोपेतही सांगता येतं. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तरी कितीतरी घरांतून माणसं हलायला तयार नव्हती. कारण? ‘2005 ला इथवर आलं नव्हतं.’ भिंतीवर जुन्या पुराची खूण होती आणि नदीने ती वाचलेली असावी, असा घरच्यांचा समज होता. शेवटी माडीवरून नावेत उतरायची वेळ आली.

किल्लारीच्या परिसरात तर जमिनीने आगाऊ नोटीस दिली होती. 1992 च्या शेवटीच तिथे हादरे जाणवू लागले होते. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जन करून दमलेली गावं झोपेत असताना पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जो धक्का बसला, त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं माणसांवर कोसळली. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच. भुजचा भूकंप 26 जानेवारीच्या सकाळी झाला आणि अंजारमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. म्हणजे खरा भूकंप पहाटे येतो, सुट्टीच्या दिवशी येतो, मुलं रस्त्यात असताना येतो. पाहुण्यांची वेळ घेऊन अकराला येणारा भूकंप फक्त शाळेच्या वेळापत्रकात सापडतो.

तसं पाहिलं तर शिकवलेलं वाया जात नाही. डिसेंबर 2004 मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना पाहिलं आणि आईवडिलांना सांगितलं, त्सुनामी येतेय. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती ते शिकली होती. किनारा रिकामा झाला, शंभराच्या आसपास माणसं वाचली. आपल्याकडेही हा धडा पुस्तकात आहे. ‘आपत्ती म्हणजे काय? दोन प्रकार लिहा’ हा प्रश्न परीक्षेत येतो, मुलं दोन प्रकार लिहितात आणि दोन गुण घेतात. आपत्तीही बिचारी दोन गुणांपुरतीच उरते.

तेव्हा पालकहो, एक रविवार काढा. टॉर्चमध्ये सेल घाला. रेशनकार्ड, आधार, विम्याचे कागद, आजीच्या गोळ्या आणि थोडी रोकड एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. कपाटं भिंतीला ठोकून घ्या. एका तरी खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारं दार करून घ्या. जिन्यातली चपलांची कपाटं उचला, भांडण झालं तरी चालेल. घरातल्या सगळ्यांनी, फोन लागले नाहीत तर कुठे भेटायचं, ती एक जागा ठरवा. ‘मोकळी जागा’ म्हणू नका, नाव घेऊन ठरवा. मुलांकडून 112 आणि तुमचा एक फोन नंबर पाठ करून घ्या. पाढे तसेही ती पाठ करतच आहेत.

आणि पुढच्या पालकसभेत सहलीच्या वर्गणीवर वाद घालण्याआधी उभं राहून एकच प्रश्न विचारा: मागच्या गेटची किल्ली आत्ता, या क्षणी, कोणाकडे आहे? ‘चौकशी करून सांगतो’ असं उत्तर आलं, तर त्या शाळेने तयारी फक्त तपासणीची केली आहे, असं खुशाल समजा आणि किल्ली हातात पडेपर्यंत खाली बसू नका.