गादी रिकामी राहू नये म्हणून

रात्री तीन वाजता फोन वाजला की कुठल्याही घरात माणसं धास्तावतात. डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या घरी मात्र बायको कूस बदलून एवढंच म्हणते, "तुझाच असेल." हा फोन बंद व्हावा म्हणून ऑटोमॅटिक फेलओव्हर नावाची सोय निघाली. मुख्य सर्व्हर पडला की त्याची नक्कल राखणारा रेप्लिका कोणालाही न विचारता गादीवर बसतो आणि तुम्ही झोपता. ही सोय हवी असणाऱ्यांनी पुढील पायऱ्या निमूटपणे पाळाव्यात.

पायरी १ : सर्व्हर दोनच घ्या.
तिसरा मागितलात तर मॅनेजर विचारणार, "तो करणार काय?" खरं उत्तर आहे, "मत देणार." दोघांमधला संपर्क तुटला की प्रत्येकाला दुसरा मेल्यासारखाच दिसतो. कोण जिवंत हे ठरवायला बहुमत लागतं, आणि दोघांच्या घरात बहुमत होत नाही. तीन असले तर एक गेला तरी चालतो, पाच असले तर दोन. पण नुसतं मत द्यायला मशीन घ्यायचं, हे बजेटच्या मीटिंगमध्ये तोंडातून निघत नाही. सबब दोनच.

पायरी २ : मरण लवकर जाहीर करा.
पोस्टग्रेस या डेटाबेससाठी पट्रोनी हे साधन बरंच वापरलं जातं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये मुख्य सर्व्हर साधारण दर १० सेकंदांनी गादीवरचा हक्क नव्याने नोंदवतो. ३० सेकंद नोंद झाली नाही तर गादी रिकामी धरली जाते. सेल्सवाले म्हणतील, ग्राहक ३० सेकंद थांबत नाही. मग आकडे ओढवतील तितके खाली ओढा. आता कामाचा भार वाढून सर्व्हर जरा धापा टाकू लागला, तरी त्याला तिरडीवर बांधलं जाईल. नव्या राजाची कॅश, म्हणजे मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा, थंड असते, त्यामुळे तोच भार त्याला अधिक जड जातो. तोही धापा टाकतो आणि गादी पुन्हा पहिल्याकडे जाते. ही संगीत खुर्ची सकाळपर्यंत चालते.

पायरी ३ : वारसाला बातमी सवडीने कळवा.
सिंक्रोनस पद्धतीत रेप्लिकाची पोच येईपर्यंत ग्राहकाला "झालं" असं सांगत नाहीत. यात वेळ जातो. असिंक्रोनस पद्धतीत आधी "झालं" सांगतात, मग रेप्लिकाला कळवतात. मधेच मुख्य सर्व्हर गेला तर शेवटचे व्यवहार त्याच्याबरोबरच जातात. पट्रोनीच्या मूळ सेटिंगमध्ये १ मेगाबाइटपर्यंत मागे पडलेला वारस चालवून घेतात. १ मेगाबाइट म्हणजे काय, मोबाइलवरचा फोटोही याहून मोठा असतो. ऑर्डरींच्या नोंदी मात्र त्यात शेकड्यांनी मावतात.

पायरी ४ : जुन्या राजावर दया दाखवा.
१७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. अनेकांना ते खरं वाटलंच नाही. म्हणून १७७६ मध्ये स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा तोतया बंड करून कोकणातले किल्ले घेऊ शकला. डेटाबेसमधली गोष्ट याहून बिकट. इथे परत येतो तो तोतया नसतो, खरा भाऊच असतो. तो मेलेला नव्हता, नुसती तार तुटली होती. गादीवर दुसरा बसल्याचा त्याला पत्ता नसतो आणि तो इमानाने ऑर्डरी घेत राहतो. यावर उपाय म्हणजे नवा राजा बसवण्याआधी जुन्याची वीजच तोडायची. या उपायाला स्टोनिथ म्हणतात. त्या आद्याक्षरांचा अर्थ 'दुसऱ्या मशीनच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे. इतकी हिंसा सोसवत नसेल तर ही पायरी गाळा. पुढे जुन्याला नव्याच्या मागे आणायला पीजी-रिवाइंड हे साधन आहेच. त्यात जुन्याने एकट्याने घेतलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात, पण ते ग्राहकाने फोन केल्यावरच सांगावं.

पायरी ५ : तालीम घेऊ नका.
२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबचं देखभालीचं काम चालू असताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. त्यांच्याकडे बहुमत होतं, ऑर्केस्ट्रेटर हे नावाजलेलं साधन होतं. त्याने नेमून दिल्याप्रमाणे मायएसक्यूएल डेटाबेसची गादी पश्चिम किनाऱ्यावर नेली. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे जवळजवळ ४० मिनिटं नव्या नोंदी होत राहिल्या. आता कोणालाही खोटं ठरवता येईना. शिवाय पूर्वेला चालणारे प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसाठी अख्खा देश ओलांडू लागले आणि गुदमरले. डेटा वाचवण्यासाठी गिटहबने सेवा लंगडी ठेवली. गाडी रुळावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. यंत्राने आज्ञा मोडली नव्हती. त्या आज्ञेनंतर बाकीचा डोलारा उभा राहतो का, हे पाहायचं राहून गेलं होतं.

तेव्हा पाचही पायऱ्या पाळून झाल्या असतील, तर एक विनंती. एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळे जागे असताना, मुख्य सर्व्हरची नेटवर्कची तार स्वतःच्या हाताने उपटून पाहा. ती उपटायला हात धजत नसेल, तर ऑटोमॅटिक फेलओव्हर बंद करा आणि फोन उशाशी ठेवून झोपा.