दोन वेळची धार

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस विकायला आणणारा हुशार माणूस सकाळची धार काढत नाही. कास तुंबलेली दिसली पाहिजे ना! अंगावरचे केस भादरलेले, शिंगांना तेल, कातडी अशी की तोंड बघून घ्यावं. गिऱ्हाईक हे सगळं कौतुकानं बघतं आणि मग मुकाट खाली बसून सडांना हात घालतं. दात मोजतं, वेत विचारतं, चार पावलं चालवून बघतं. मालक लिटरचा आकडा सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दोन टाईम काढून दाखव, मग बोलू." मालकाच्या डोक्यावर कर्ज किती, पोरीचं लग्न कधी, ही विचारपूसही होते. पण ती चहाच्या टपरीवर, सौदा झाल्यावर.

हाच माणूस रात्री नऊ वाजता टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसमोर बसतो आणि लहान बाळ होतो.

पोरगं गायला उभं राहण्याआधी पडद्यावर पत्र्याचं घर येतं. मग आई येते. मग फक्त आईचे डोळे येतात. मागे सारंगी रडायला लागते, परीक्षक रुमाल काढतात. आमच्या बाजारातही सौद्याला रुमाल लागतो, पण त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरतो. इथे रुमालाखाली नुसतं नाक. गाण्याचा पहिला सूर अजून लागायचाय, तोवर आमचा गडी मत देऊन मोकळा. कास तुंबवून आणली होती, हे शुक्रवारी ज्याच्या डोळ्यांतून सुटलं नसतं, त्याला शनिवारी-रविवारी दिसत नाही.

दुसरा रोग 'आपला'पणाचा. जाफराबादी म्हैस घेताना 'ही गुजरातकडची, आपल्या तालुक्याची नाही' म्हणून मागे फिरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. गाण्याला मात्र आधी गाव लागतं. 2017 मध्ये आपल्या नगरची अंजली गायकवाड हिंदी 'सारेगमप लिटल चॅम्प्स'ची विजेती ठरली, विजेतेपद श्रेयन भट्टाचार्यबरोबर विभागून. तेव्हा आम्ही म्हणालो, जनतेचा कौल! 2021 मध्ये तीच मुलगी 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वातून बाहेर पडली. तेव्हा आम्ही म्हणालो, सगळा गफला! मुलगी तीच, गळा तयारीचा, फोन आमचेच. बदलला तो फक्त निकाल. बाजारातही असंच असतं म्हणा. भाव मिळाला की बाजार चांगला, पडला की दलाल चोर.

जनता जनार्दनाचा कान किती तिखट असतो, हे बघायचं तर 2005 सालच्या 'फेम गुरुकुल'कडे जावं. परीक्षक काझी तौकीरच्या गाण्यावर कपाळाला हात लावत होते आणि जनता त्याला दर आठवड्याला उचलून धरत होती. शेवटी रूपरेखा बॅनर्जीबरोबर तोच जिंकला. त्याच पर्वात बंगालमधलं एक लाजरं पोरगं मतं कमी पडली म्हणून अंतिम फेरीच्या आधीच घरी गेलं. त्याचं नाव अरिजित सिंग. आज त्याच्या गाण्याशिवाय आपल्याकडे हळद लागत नाही. ही म्हैस आपण बाजारातून परत पाठवली होती बरं का!

2007 मध्ये तर कमाल झाली. कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग 'इंडियन आयडॉल'मध्ये उतरला आणि त्याच्यासाठी अख्खा डोंगर मेसेज करायला बसला. मतं गोळा करणाऱ्यांत तिथले नेते बिमल गुरुंग पुढे होते. प्रशांत जिंकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरुंग यांचा गोरखा जनमुक्ती मोर्चा उभा राहिला. गाण्याच्या मतांतून पक्ष निघाला! महाराष्ट्राला अशा उपद्व्यापाची गरज नाही. आपल्याकडे पक्ष फुटून निघतात.

आता मोजणीचं बोलू. आमच्या कांदा मार्केटात गोणी सगळ्यांसमोर फुटते, बोली सगळ्यांसमोर लागते. भाव ऐकून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण कोण किती बोललं हे निदान कानांनी कळतं. शेजारी शनिशिंगणापूर, तिथे तर घरांना दारंच नसण्याची रीत. असल्या मुलखात राहून आम्ही, कुणाला किती मतं पडली हे न सांगणाऱ्या बंद खोलीवर विश्वास ठेवतो. शिवाय तिथे एका माणसाला एकच मत असंही नाही. मेसेजच्या जमान्यात तर खिशात दम आणि अंगठ्यात जोर असेल तितकी मतं.

मेसेज म्हटलं की पैसा आलाच. 2007 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षकांसाठी मेसेजनं उत्तर पाठवायची स्पर्धा होती. दर मेसेजला 2 रुपये 40 पैसे, आणि आले सुमारे 5 कोटी 80 लाख मेसेज. गुणाकार करा, पावणेचौदा कोटींच्या वर जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये वाहिनी आणि फोन कंपनीला 1 कोटीचा दंड ठोकला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण अनुचित व्यापार सिद्ध झाला नाही. कबूल. गुणाकार मात्र कुणी रद्द केलेला नाही.

म्हणजे लोकांनी निवडूच नये का? निवडावं, पण दोन टाईम धार काढून. मराठी 'सारेगमप लिटल चॅम्प्स'चं 2009 सालचं महाविजेतेपद कार्तिकी गायकवाडला मिळालं. आज कुणालाही विचारा, तो कार्तिकीबरोबर आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित अशी पाचही नावं एका दमात सांगेल. पहिलं कोण आलं, याला थोडा विचार करावा लागेल. मेसेज त्या रात्रीपुरते होते, धार अजून चालू आहे. खरं मत मोबाइलमधून जात नाही, ते दहा वर्षांनी भांडी घासताना तोंडात येतं.

हे सगळं लिहून हातावेगळं करतोय, तोवर फोन वाजला. पलीकडे आमचे म्हशीचे व्यापारी. उभ्या हयातीत एकही म्हैस न पिळता घेतली नाही, असा माणूस.

"भाऊ, एक मत टाका. आपल्या नेवाशाकडचं पोरगं हाये, लई गरिबीतून आलंय."

"टाकतो की. गातंय कसं?"

पलीकडे जरा शांतता.

"ते काय अजून ऐकलं नाय बा."