शिरूरचा नवरा, दौंडची बायको

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडच्या काठावर तात्या राहतात, पलीकडच्या काठावरून काकू आलेल्या असतात. तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. न्हावऱ्यापासून मांडवगण फराट्यापर्यंत कुठल्याही पारावर बसा. डोक्याला टोपी, बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी आणि घरातून “आवं, ऐकलं का?” अशी हाक आली की काहीच ऐकू न आल्याचा चेहरा, हे तिन्ही ज्याच्यापाशी असेल तो तात्या. लग्नाला पन्नास वर्षं उलटलेली असावीत, एवढीच काय ती अट.

तात्यांचं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं. मांडव होता, वऱ्हाड होतं, फक्त पाणी नव्हतं. अंगाची हळद निघते न निघते तोच नवरा-नवरी दुष्काळी कामावर खडी फोडायला शेजारी शेजारी बसली. तिथं सुकडी वाटत. तात्या सांगतात, आमचं पहिलं भांडण सुकडीवरून झालं. काकू म्हणतात, सुकडीवरून नव्हे, खडीची रास कुणाची मोठी यावरून. म्हणजे पहिलं भांडण कशावरून झालं, यावरच यांचं भांडण आहे, आणि ते १९७२ पासून चालू आहे. दिवाणी कोर्टातले जुने दावे निकाली निघाले, हा अजून तारखेवर आहे.

खरा तंटा मात्र वेळेचा. काकू दौंडच्या, म्हणजे जंक्शनच्या. वडील रेल्वेत नसले तरी दौंडच्या माणसाच्या अंगात वेळापत्रक भिनलेलं असतं. गाडी दोन तास उशिरा येणार असली तरी तो वेळेवरच फलाटावर जाऊन बसतो. शिरूरला रेल्वे नाही. आम्हा घोडनदीकाठच्या लोकांची सगळी भिस्त एसटीवर, आणि एसटीचं तत्त्वज्ञान असं की ही गेली तर मागून दुसरी येतेच. त्यामुळे लग्नाला निघायचं असलं की काकू सात वाजता पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात आणि तात्या आठ वाजता दुसरी चप्पल शोधत असतात. पन्नास वर्षांत ही जोडी एकदाही वेळेवर पोचली नाही आणि एकदाही मुहूर्त चुकला नाही. कारण आमच्याकडे मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असला, तरी पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद संपेपर्यंत सव्वा वाजतो.

या शुभाशीर्वादांत हल्ली तात्यांनाही मान मिळतो. निवेदक घसा खाकरून सांगतो, की पन्नास वर्षं सुखाचा संसार केलेले आपले तात्या आता नवदांपत्याला दोन शब्द सांगतील. तात्या माइक दोन्ही हातांनी धरतात.

“संसारात माघार घ्यायला शिकावं,” ते सांगतात. “मी कायम घेतो.”

बायकांच्या बाजूनं एकच शब्द येतो, “कवा?”

मांडव हसून मोकळा होतो. तात्या न डगमगता दौंडच्या फलाटावर येतात. “मी सासुरवाडीला जायचो तवा बघायचो. मनमाडकडून गाडी आली की पुण्याला जायाला तिचं तोंड फिरवावं लागायचं. हिकडचं इंजिन सुटायचं आन् मागच्या टोकाला जाऊन लागायचं. डबे त्येच, मानसं तीच. काल जे मागं होतं ते आज पुढं. संसार आसा आसतो.”

“मग आता म्होरं कोन हाय, ते बी सांगा की,” पुन्हा तिकडून आवाज.

आता तिथं कॉर्ड लाइन झाली. पुष्कळ गाड्या दौंड स्टेशनात न शिरता बाहेरूनच निघून जातात, इंजिन फिरवायची कटकट नाही. नव्या जोडप्यांनाही अशीच लाइन हवी असते, कुठं थांबणं नको, तोंड फिरवणं नको. पण इंजिन फिरेपर्यंत खाली उतरून निवांत चहा पिता यायचा, हे ज्यांनी दौंडला चहा प्यायला आहे त्यांनाच कळेल.

घरातल्या कामाची वाटणी चोख आहे. वखारीतला कांदा कधी काढायचा हा निर्णय तात्यांचा. तो निर्णय काय आहे हे तात्यांना सांगायचं काम काकूंचं. भाव वाढला तर तात्या पारावर मिशीला पीळ देतात. पडला तर “घरच्यांनी ऐकलं न्हाई” असं म्हणतात. काकूंना हे ठाऊक असतं. त्या पारावरून जाताना मुद्दाम बघतात, आज पीळ आहे की नाही. त्यावरून त्यांना बाजारभाव कळतो.

आणि मग रात्रीची लाईट. शेतीची थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत मोटार चालू करायला उसाच्या कडेनं जावं लागतं आणि उसात बिबट्या असतो. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. २०२५ साली आमच्याच तालुक्यात पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जात होती. पारावर कुणीतरी तात्यांनाही म्हणालं, पट्टा घ्या. तात्या म्हणाले, “त्रेपन्न वर्षं गळ्यात हायेच की.” काकू जाता जाता म्हणाल्या, “मग खिळं आतल्या अंगानं आसतील.”

वनखात्याचं सांगणं असं, की रात्री एकट्यानं जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा, मोठ्यानं बोलत चला. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. पुढं काकू बॅटरी घेऊन, मागं तात्या काठी घेऊन, मधे मी.

“जरा लवकर निघालं आसतं तर...”

“लाईट काय तुझ्या दौंडची गाडी हाय का, टायमात याला?”

“गाडी येती तरी. तुमची एसटी अजून येतीच हाय.”

त्या आवाजापुढं बिबट्या कशाला थांबतोय! अख्खी पाणंद त्या दोघांनी भांडत पार केली. विहिरीवर पोचलो. तात्या स्टार्टरच्या पेटीपाशी वाकले. काकू दमून दगडावर टेकल्या आणि गप्प झाल्या. उसात वारा सळसळला. तात्यांचा हात बटणापाशी थांबला.

“आगं, बोल की.”

“काय बोलू?”

“कायबी. खडीचं बोल.”

काकूंनी बॅटरी त्यांच्या हाताकडं वळवली. “रास माझीच मोठी व्हती.”

“न्हवती,” तात्या म्हणाले, आणि निर्धास्त होऊन हिरवं बटण दाबलं.